शिशाचा शिपाई
(एस. वाय. बी. ए.)

आमच्या घरी कथील विकत आणले की अण्णा त्याची कांडी कानाशी धरतात आणि हळूच वाकवतात. शुद्ध कथील वाकताना करकरते. दाताखाली बारीक खडा यावा तसा तो आवाज असतो. शिसे मिसळलेले असले तर आवाज दबतो, आणि मिश्रण फारच असले तर कांडी मुकाट्याने वाकते. दुकानदार तोंडाने काय सांगतो इकडे अण्णांचे लक्षच नसते. ते कांडीला विचारतात. शिसे स्वस्त, कथील महाग. शिसे घातलेली कल्हईसुद्धा चकचकीतच दिसते, पण त्या पातेल्यातली आमटी म्हणजे विष. "शंभर माणसं जेवतात त्या भांड्यात," एवढेच अण्णा म्हणतात आणि कांडी परत करतात. खरे-खोटे ओळखण्याची एवढी एकच रीत मला लहानपणापासून ठाऊक होती.

कल्हईचा धंदा आमच्याकडे आजोबांपासूनचा. भाता, सांडशी, नवसागराची पुडी आणि कापसाचा बोळा एवढे भांडवल. आजोबा खांद्यावर भाता टाकून पुण्याच्या पेठांतून ओरडत हिंडत. पुढे घरोघर स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईवाल्याची हाक ऐकून दार उघडणारे कमी झाले. अण्णांच्या वाट्याला आचाऱ्यांची मोठी पातेली आणि देवळांतले हंडे तेवढे राहिले. लग्नसराईत काम, एरवी वाट पाहणे. कॉलेजच्या प्रवेश-अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. त्यात मी आधी 'कल्हई' असे लिहिले होते. खिडकीमागच्या बाईंनी विचारले, "म्हणजे काय गं?" बाई वाईट मनाच्या नव्हत्या, त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. मी ते खोडले आणि 'किरकोळ दुरुस्ती' असे लिहिले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे असे शब्द कुठे कसे वापरायचे ते शिकवणारे घरात कोणी नव्हते.

आता या किरकोळ दुरुस्तीविषयी सांगते.

पेठेत जुन्या वस्तूंचे एक दुकान आहे. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. कल्हईचे काम कमी झाल्यावर अण्णा तेथे डाग देण्याची कामे करू लागले. समईचा दांडा मोडलेला, तांब्याची तोटी गळालेली, पानाच्या डब्याची कडी तुटलेली. मग एके दिवशी शेठनी एक पितळी हत्ती दिला. चाकांवरचा, दोरी बांधून मुलांनी ओढायचा. त्याचे एक चाक नव्हते. अण्णांनी नवे चाक केले, ते बसवले आणि घासूनपुसून लखलखीत करून परत नेले. शेठनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, हे चाक नवं दिसतंय! बाकीच्या तीन चाकांसारखं म्हातारं करून आण."

पितळ म्हातारे करणे अवघड नाही. नवसागर, मीठ आणि चिंच यांचे पाणी लावून ओल्या मातीत पुरून ठेवले की चांगला हिरवा कळक चढतो. पण हा कळक वरवरचा असतो, ओल्या फडक्याने पुसला तर बोटाला लागतो. आणि सगळीकडे सारखाच चढतो, हेच त्याचे बिंग. खऱ्या जुन्या खेळण्याची झीज सारखी नसते. पोर जेथे धरते तेथे ते झिजते. हत्तीची सोंड आणि कान गुळगुळीत होतात, पण पोटाखाली ओतकामाचा खरबरीतपणा तसाच राहतो. चाकाचे भोक आस फिरून फिरून लंबगोल होते. नवे चाक बसवणारा चाकाची कड कानशीने गोल करतो आणि भोकाकडे पाहायचे विसरतो. अण्णा विसरले नाहीत. त्यांनी भोक आतून तिरके झिजवले. मला ते पाहून फार कौतुक वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर शिपाई आले.

मी बारावीत असताना अण्णांनी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात सात-आठ शिपाई आणले. बोटाएवढे, शिशाचे. कोणाचा हात नाही, कोणाची बंदूक अर्धी, एक घोडा तीन पायांचा. एका शिपायाला तर डोकेच नव्हते. मानेशी नुसती पोकळ नळी. मला वाटले, झीज होऊन आतून पोखरला असेल. अण्णांनी तो तळहातावर उडवून पाहिला आणि म्हणाले, "हा मुळातच पोकळ आहे. ओतून लगेच ओतून काढलाय. हुशार माणूस."

तो हुशार माणूस कोण हे मला नंतर कळले. त्याचे नाव विल्यम ब्रिटन, गाव लंडन. त्याच्या आधी शिपाई येत ते बहुधा जर्मनीतून आणि फ्रान्समधून, भरीव नाही तर पत्र्यासारखे चपटे. 1893 साली ब्रिटनने युक्ती काढली. धातूच्या साच्यात वितळलेले शिशाचे मिश्रण ओतायचे, साच्याला लागलेला थर गोठला की मधला पातळ रस लगेच उलटा ओतून काढायचा. कवच तेवढे उरते. धातू कमी लागतो, वजन कमी होते, किंमतही उतरते. उंची साधारण 54 मिलिमीटर. या कंपनीने इंग्रजी फौजेतल्या पलटणी केल्या तशा हिंदी फौजेतल्याही केल्या. बंगालचे घोडेस्वार, मद्रासचे पायदळ, आणि आपले मुंबईचे पायदळ. आमच्या खोक्यातला बिनडोक्याचा शिपाई शेठच्या म्हणण्याप्रमाणे मुंबईच्या पलटणीतला होता. म्हणजे येथल्याच कुठल्या गावच्या माणसाची बाहुली लंडनला झाली, आगबोटीने इकडे आली आणि डोके हरवून आमच्या खोलीत येऊन पडली.

शेठकडे त्याच पलटणीतला एक धड शिपाई होता. अण्णांनी त्याच्या पागोट्याचा आणि तोंडाचा प्लास्टरमध्ये ठसा घेतला आणि डोके ओतले. आता ते बसवायचे कसे? अण्णांनी आगपेटीतली काडी घेतली, गुल मोडून टाकला, अर्धी काडी मानेच्या नळीत आणि अर्धी डोक्यात घालून चिकटवली. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती. गंमत अशी की विलायतेतल्या घराघरांत आईबाप मुलांच्या शिपायांची डोकी अशीच आगकाडीवर बसवून देत असत, आणि जुने शिपाई जमवणारे लोक मान हलते का हे पहिल्यांदा पाहतात ते त्याचमुळे.

रंग देण्याचे काम माझ्याकडे आले. अण्णांचा हात भट्टीजवळ बसून बसून थरथरतो, माझा स्थिर आहे. मी पागोटे रंगवले, तपकिरी चेहरा केला, डोळ्यांचे दोन ठिपके दिले. मिशी काढत होते तेवढ्यात अण्णांनी पलीकडे पातेल्यात नवसागर टाकला. पांढरा धूर झाला, मला शिंक आली, आणि मिशीचे उजवे टोक वर गेले. पुसून पुन्हा काढावी असे वाटले, पण ती तशीच बरी दिसत होती. अण्णांची मिशीही एका बाजूने वर आहे. मग काजळी आणि विटकरीची पूड तेलाच्या बोटाने हलकेच फिरवली आणि कोरड्या फडक्याने पुसली. दोनशे रुपये मिळाले. त्या खोक्यातली आणि नंतरची अशी कामे मिळून माझी पहिल्या वर्षाची फी निघाली.

मला माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. "नवं दिसता कामा नये," असे शेठ सांगत तेव्हा मी तेथेच उभी असे. पण घेणारा कोणीतरी असेल, श्रीमंत असेल, त्याला काय कमी, असे काहीसे मनात येई. मुळात 'घेणारा' हा माणूस आहे असे मला वाटतच नव्हते.

आम्हाला इतिहास शिकवणाऱ्या सरांना जुन्या वस्तूंचा नाद आहे. पहिल्या वर्षी ते आम्हाला राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवायला घेऊन गेले होते. दिनकर केळकरांनी (1896–1990) आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, दारे जमवली, संग्रहाला अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव दिले, आणि 1975 साली सगळे सरकारच्या स्वाधीन केले. बाकीच्या मुली नक्षी पाहत होत्या, मी डाग कुठे दिला आहे ते शोधत होते. सरांच्या ते लक्षात आले. "तुला काय दिसतंय?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "सर, जोड." तेव्हापासून त्यांनी मला लक्षात ठेवले असावे. यंदा गणपतीनंतर त्यांनी आम्हा पाच जणांना घरी बोलावले. पहिल्या महायुद्धाचा धडा संपला होता आणि सरांना त्यांच्या शिपायांची फौज दाखवायची होती.

शिपाई म्हटल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. तरी मी गेले.

सरांच्या बैठकीच्या खोलीत काचेचे कपाट आहे. त्यांनी काही शिपाई टेबलावर मांडले आणि शिकवायला सुरुवात केली. सर वर्गात शिकवतात त्याहून कितीतरी चांगले शिकवले, हे त्यांनी वाचले तरी हरकत नाही.

"आधी पाहायचं नाही, आधी तोलायचं," ते म्हणाले आणि दोन सारखे दिसणारे शिपाई माझ्या दोन्ही तळहातांवर ठेवले. एक हलका, एक जड. जड होता तो नकली. हल्ली नकला करणारे रबराच्या साच्यात शिपाई भरीव ओततात. शिवाय धातू गोठताना आकसतो, त्यामुळे शिपायावरून केलेल्या साच्यातला शिपाई मूळच्यापेक्षा किंचित बुटका भरतो, आणि बटणे, पट्टे, बोटे अशी बारीक कामे बोथट होतात. दोघांना पाठीला पाठ लावून उभे केले तर केसभर फरक दिसतो. आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिला.

मग त्यांनी एकाला पालथा केला. सुरुवातीच्या शिपायांची बैठक लंबगोल असते, पुढची चौकोनी. दुसऱ्या कंपन्या नकला करू लागल्या म्हणून 1900 सालापासून ब्रिटनने बैठकीखाली कागदाची चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली, नंतर अक्षरे साच्यातच कोरली. येथे भलेभले फसतात, सर म्हणाले. चिठ्ठीवर तारीख असते, पण ती त्या नमुन्याच्या हक्काची. शिपाई त्यानंतर कितीतरी वर्षांनी ओतलेला असू शकतो. आणि शिशाचे शिपाई करणे कंपनीने 1966 साली बंदच केले, कारण शिसे मुलांच्या तोंडात जाते हे लोकांना कळले होते आणि प्लॅस्टिकही आले होते. काही शिपायांच्या अंगावर पांढरी भुकटी आली होती. ती पिठासारखी दिसते, पण ती शिशाचा क्षार आहे, हात लावू नका, लावलात तर साबणाने धुवा, असे त्यांनी दोनदा बजावले. ओकसारख्या काही लाकडांतून आंबट वाफ निघते, अशा बंद कपाटात ठेवले की शिसे असे सडते. सरांचे कपाट म्हणून लोखंडी आहे.

सगळ्यात जास्त वेळ ते रंगावर बोलले. खरा जुना रंग टणक झालेला असतो, त्याला बारीक तडे असतात, आणि मळ त्या तड्यांच्या आत असतो. नव्या रंगाखाली मात्र मळ सापडतो, कारण रंगवणारा धुवायचा कंटाळा करतो. ज्या खरचट्याच्या आत रंग गेलेला आहे तो रंग खरचट्यानंतरचा, हे उघडच. टर्पेंटाइनच्या बोळ्याने रंग सुटतो का पाहण्याची एक पद्धत आहे; पण तिने वस्तूच खराब होते, म्हणून असले उपद्व्याप करू नयेत. त्यापेक्षा दिवा बरा. सरांनी खिडक्या लावून घेतल्या आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला. त्या उजेडात जुना आणि नवा रंग वेगवेगळे दिसतात. एका इंग्रज शिपायाचा पांढरा पट्टा शेजारच्या शिपायाच्या पट्ट्याहून अगदी निराळा दिसू लागला. "हा टायटॅनियमचा पांढरा असावा," सर म्हणाले. "तो बाजारात आला पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला. आणि हा शिपाई म्हणे 1905 चा!" सगळे हसले.

लंडनच्या त्या कारखान्यात रंग देण्याचे काम बहुतेक बायका करीत, काही जणी घरी नेऊनही करीत, हेही सरांनीच सांगितले. मला ते एकदम आपल्यातले वाटले.

शेवटी त्यांनी कपाटाच्या मधल्या फळीवरून एक शिपाई दोन बोटांत धरून काढला. "आणि हा आमचा मुंबईकर. मूळ रंग, एकदाही कोणी हात लावलेला नाही."

मिशीचे उजवे टोक वर होते.

वर्गातल्या एका मुलाने म्हटले, "सर, याच्यावर दिवा टाका ना." सर म्हणाले, "गरज नाही. हा कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यातून आलाय. साहेब 1947 साली गेला, खोकं माळ्यावर राहिलं. सगळी हकिगत मला ठाऊक आहे."

ती हकिगत मलाही ठाऊक होती. शेठ ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. बंगला तोच, साहेब तोच, माळाही तोच. घरी येताना मला वाटत राहिले की अण्णांना जर कोणी अशी हकिगत सांगून कथील विकू लागला असता तर अण्णांनी ती ऐकून घेऊन नंतर कांडी वाकवली असती. मग सरांनी का वाकवू नये? सर तर प्राध्यापक. पण त्यांना तो शिपाई हवा होता, आणि अण्णांना कथील नुसते लागते. हा फरक असेल.

रात्री मी अण्णांना सांगितले. "अण्णा, आपला पागोटेवाला शिपाई आमच्या सरांकडे आहे. ते म्हणतात, याला कोणी हात लावलेला नाही."

अण्णा भाकरी मोडत होते, ते थांबले. "त्यांना कळलं नाही?"

"नाही."

"मान हलवून पाहिली?"

"नाही."

"हलली नसतीच," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. इतका खुललेला मी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. शिकलेल्या माणसाने, ज्याला या विषयातले कळते अशाने, त्यांचे काम हातात घेऊन पाहिले होते आणि त्याला जोड दिसला नव्हता. मला पुढचे बोलवेना. पण बोलले.

"अण्णा, तुम्ही पातेल्याला ठिगळ लावता, ते गिऱ्हाइकाला दिसतं ना?"

"दिसणारच. ठिगळ ते ठिगळ."

"मग हे?"

ते बराच वेळ गप्प राहिले. "बिनडोक्याच्या माणसाला डोकं दिलं. खोटं आपण बोललो नाही. शेठ बोलले." आई चुलीजवळून म्हणाली, "आणि फी कोण भरतंय तुझी? उगीच शहाणपणा करू नकोस." आईचेही खोटे नव्हते. शेठचे काम गेले तर लग्नसराईपर्यंत घरात काय येणार होते?

आठ दिवस मी कॉलेजात सरांसमोरून जाणे टाळले. काय काय विचार केले ते सगळे लिहीत नाही. सरांना न सांगता ते सुखात होते, हेही खरेच होते. पण ते तो शिपाई दुसऱ्या मुलांना दाखवतील, ती मुले तो पाहून खरा कसा असतो ते शिकतील, आणि मग खऱ्यालाच खोटा म्हणतील, हे काही मनातून जाईना. नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि दारातच सांगून टाकले.

सर काही बोलले नाहीत. त्यांनी खिडक्या लावल्या, दिवा आणला, शिपाई काढला. जांभळ्या उजेडात मानेशी रेघ मारल्यासारखे झाले. खाली डगला एका तऱ्हेचा, वर पागोटे आणि चेहरा भलत्याच तऱ्हेचे. जणू दोन माणसे एकावर एक उभी होती.

"मिशी तू काढलीस?"

"हो सर. शिंक आली होती."

ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "आणखी किती?"

हा प्रश्न येईल असे मला वाटलेच नव्हते. मी आठवून मोजले. अकरा शिपाई आणि चार घोडे. त्यांनी एक वही पुढे केली. "प्रत्येकाचं लिही. काय मोडलं होतं, काय घातलं, रंग कुठला." मी लिहीत गेले. कोणाचा हात, कोणाच्या भाल्याचे टोक, एका घोड्याचा मागचा उजवा पाय. सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. घोड्याच्या पायाशी आले तेव्हा ते उठले, कपाटातून एक भालेवाला घोडेस्वार काढला आणि दिव्याखाली धरला. पाय आमचा होता. मी त्या दिवशी तो घोडा टेबलावर पाहिला होता, हातातही घेतला होता, आणि मला तो ओळखू आला नव्हता.

सर शेठकडे जाऊन आले. शेठ म्हणाले, "तुम्ही विचारलंत कुठे? मी लिहून दिलंय का, रंगवलेला नाही म्हणून?" पावतीवर 'जुने खेळणे, नग एक' एवढेच होते. पैसे परत मिळाले नाहीत. सरांनी किती दिले होते ते त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू विकणाऱ्याला परवाना लागतो आणि ती परदेशी पाठवता येत नाही, म्हणून असले दुकानदार तोंडाने 'शंभरच्या वरचं' म्हणतात आणि कागदावर 'जुने' एवढेच लिहितात, असे सर म्हणाले. कोणी काही घेणार असाल तर पावतीवर वर्ष, मूळ भाग कोणते आणि बदललेले कोणते, हे लिहून मागा. देणारा लिहायला का-कू करू लागला की तोच तुमचा जांभळा दिवा.

शेठचे काम अर्थातच बंद झाले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अण्णा बोलले, पण कामाचे नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी सर आमच्या घरी आले. आमची खोली एवढीशी. खुर्ची शेजारून आणली. अण्णा उभेच राहिले. "सर, चूक झाली," ते म्हणाले. सर म्हणाले, "चुकीचं राहू द्या. मला ती मान कशी बसवलीत ते सांगा." मग मात्र दोघे जमिनीवरच बसले. अण्णांनी आगपेटी काढली, प्लास्टरचा ठसा दाखवला, शिसे किती आणि कथील किती ते सांगितले. बोलता बोलता त्यांनी कथिलाची एक कांडी सरांच्या कानाशी धरली आणि वाकवली. सरांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा."

जाताना त्यांनी रुमालात गुंडाळलेला एक शिपाई ठेवला. उजवा हात खांद्यापासून गेलेला होता. या शिपायांचे हात वेगळे ओतून खांद्याच्या खुंटीवर अडकवलेले असतात, त्यामुळे तेच आधी हरवतात. अण्णांनी विचारले, "दिसेल असा बसवू, की न दिसेल असा?" सर जरा विचारात पडले. "बसवा चांगला. पण रंग देऊ नका. धातू तसाच राहू द्या."

मुंबईकर शिपाई अजून मधल्याच फळीवर आहे. खाली चिठ्ठी आहे, 'डोके नवे', आणि साल. अक्षर माझे आहे, सरांनीच लिहून घेतले.

हाताचे काम होऊन महिना झाला. अण्णांनी तो सुरेख केला आहे, बोटे मोजून घ्यावीत इतका. पण लाल डगल्याच्या खांद्यावरून तो पांढरा उघडा हात बाहेर आलेला त्यांना बघवत नाही. "अर्धवट काम आहे हे," ते रोज म्हणतात. "तू नुसता बाहीपुरता रंग दे. सर काही म्हणायचे नाहीत." शिपाई फळीवर आहे, रंगाच्या बाटल्या त्याच्याच शेजारी आहेत. परीक्षा झाल्यावर बघू, असे मी त्यांना सांगितले आहे.